टपालात फुटलेला कंदील कुणाचा?



सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याने निघालात की कुंभारी गाव लागते. समजा, तिथल्या एका शाळेतल्या गुरुजींनी जुन्या वस्तूंचा संग्रह करायचे मनावर घेतले. मुलांनी घरोघर हिंडून जुने शेर-मापटे, तांब्याचे पैसे, जुनी पत्रे गोळा केली. उणीव राहिली ती एका जुन्या प्रभाकर कंदिलाची. तो पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडे असल्याचे कळले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, अडीच हजार रुपये आगाऊ पाठवले आणि आठ दिवसांनी पुडके आले. उघडून पाहतात तो आत काचेचा चुरा!

व्यापारी म्हणतो, "मी माल टपालात दिला, माझे काम संपले." पोस्टमास्तर विचारतात, "विमा उतरवला होता का?" गुरुजी म्हणतात, "विमा पाठवणाऱ्यानेच उतरवायचा ना?" तिघांचेही बोलणे वरवर खरे वाटते. मग वर्गणीचे पैसे बुडाले ते कुणाचे?

यासाठी १९३० चा मालविक्रीचा कायदा पाहावा लागतो. त्याचे कलम २६ सांगते की वेगळे काही ठरले नसेल तर ज्याची मालकी, त्याची जोखीम. आणि कलम ३९ प्रमाणे, माल गिऱ्हाइकाकडे पोचवण्यासाठी वाहतूकदाराच्या हवाली केला की तो सामान्यतः गिऱ्हाइकालाच दिला असे धरतात. म्हणजे वाटेतली जोखीम बहुधा घेणाऱ्याच्या माथी येते. ऐकून नवल वाटेल, पण कायदा असा आहे खरा!

मात्र त्याच कलमात गिऱ्हाइकाची ढालही आहे. मालाचा प्रकार पाहून व्यापाऱ्याने वाहतुकीची योग्य व्यवस्था केली पाहिजे. काचेचा कंदील साध्या कागदात गुंडाळून धाडला आणि तो फुटला, तर गिऱ्हाईक म्हणू शकते की हा माल मला मिळालाच नाही, किंवा झालेले नुकसान भरून दे. पण विमा सरसकट अमक्यानेच उतरवावा, असे हा कायदा सांगत नाही. ते दोघांनी ठरवायचे असते, आणि घोडे नेमके तिथेच अडते.

टपालखाते कुणाचा माणूस, हाही प्रश्न आहेच. योगायोग असा, की याचा एक गाजलेला निकाल प्रभाकर कंदील बनवणाऱ्या ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याच्याच खटल्यात लागला. कारखान्याने सरकारला माल पुरवला होता आणि पैशाचे धनादेश टपालाने आले होते. ते पैसे कुठे मिळाले असे धरायचे, असा आयकराचा वाद होता. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की घेणाऱ्याने उघडपणे वा गर्भितपणे 'टपालाने पाठवा' असे सांगितले असेल, तर टपालखाते त्याचाच प्रतिनिधी ठरते. तो निकाल धनादेशांचा होता. तरी 'पाठवून द्या' हे शब्द किती वजनदार आहेत ते त्यावरून उमजावे.

व्ही. पी.ची गोष्ट निराळी. पैसे भरल्याशिवाय पुडके हाती येत नाही, म्हणून पैसे चुकते होईपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राहते, असे त्याच न्यायालयाने १९५९ साली सांगितले. तेव्हा अनोळखी व्यापाऱ्याशी व्यवहार करताना माल आल्यावर पैसे देणे केव्हाही बरे.

आता टपालखात्याचे पाहू. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या २०२३ च्या टपाल कायद्यानुसार, नियमांत सांगितली असेल तेवढीच जबाबदारी खाते घेते. विमा नसेल तर मिळणारी भरपाई किरकोळ असते. वस्तूची किंमत त्यात निघत नाही. खाजगी कुरियरचेही तसेच. पावतीवर बारीक अक्षरात भरपाईची मर्यादा छापलेली असते. तशा मर्यादेवर सही केलेला माणूस तिला बांधलेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले आहे. म्हणून सही करण्याआधी पावती उलटून वाचावी.

मंडळी, पैसे पाठवण्यापूर्वी एवढे करा. व्यापाऱ्याला लेखी विचारा: विमा कोण उतरवणार, किती रकमेचा, आणि त्याचा खर्च कुणाचा? फोनवरचा संदेशही चालेल, पण तो जपून ठेवा. विमा खऱ्या किमतीचाच उतरवा. जास्त रकमेचा उतरवून नुकसानीपेक्षा अधिक पैसे मिळत नाहीत. बांधणी कच्ची असेल तर विमा असूनही भरपाई नाकारली जाऊ शकते. टपालाची पावती व्यापाऱ्याकडे असते, म्हणून तिचा फोटो मागून घ्या. पुडके फाटलेले किंवा चेपलेले दिसले तर सही करण्याआधीच पोस्टात उघडून दाखवण्याची मागणी करा. वेष्टन फेकू नका, तोच पुरावा.

आणि आपल्या गुरुजींचे काय? त्यांनी कंदिलाची, वेष्टनाची छायाचित्रे काढून व्यापाऱ्याला लेखी कळवावे. माल विकणे हाच त्याचा धंदा आहे, तेव्हा कच्च्या बांधणीबद्दल ग्राहक म्हणून दाद मागता येईल. त्यासाठी १९१५ हा ग्राहक मदतीचा फोन क्रमांक आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पण गुरुजी, पुढच्या खेपेला वर्गणीचा हिशेब मांडाल तेव्हा कंदिलाच्या किमतीखाली विम्याचीही एक ओळ लिहा.