विशेष शिक्षण : देणगीच्या पलीकडचा व्यवसाय

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून ठरावीक अभ्यासक्रमांची नावे ऐकू येतात. मुलगा हुशार असेल तर सी. ए., बरा असेल तर एम. बी. ए., आणि अभ्यासात मन नसेल तर पेढी आहेच. मुलींसाठी वाणिज्य शाखेची पदवी, आहारशास्त्र किंवा गृहसजावट. विशेष शिक्षणाचे नाव या यादीत सहसा येत नाही. दिव्यांग मुलांच्या शाळेला इमारत, वाहन किंवा एका दिवसाचे भोजन देण्यात आपली कुटुंबे कधी मागे राहिली नाहीत. शिक्षक मात्र आपण क्वचितच दिला आहे. आज या शाळांना पैशाइतकीच प्रशिक्षित माणसांची उणीव भासते आहे.

हे केवळ सेवाकार्य नसून कायद्याने नियमन केलेला व्यवसाय आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. १९९२च्या कायद्यान्वये स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद या क्षेत्रातील अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि पात्र व्यक्तींची नोंदणी करते. सनदी लेखापालाला जसा सभासद क्रमांक, तसा विशेष शिक्षकाला परिषदेचा नोंदणी क्रमांक. नोंदणीविना हा व्यवसाय करणे दंडनीय अपराध आहे. नोंदणीचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी पुढील प्रशिक्षण घेत राहणे आवश्यक असते.

मागणीची कारणेही कायद्यातच आहेत. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने ते एकवीस केले. स्वमग्नता आणि वाचन, लेखन वा गणितातील विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यात समावेश झाला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये आपल्या संलग्न शाळांना विशेष शिक्षक नेमण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निर्णयानंतर केंद्र शासनाने प्रमाणही ठरवून दिले : पहिली ते पाचवीसाठी अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना ही पदे निश्चित करून भरण्याचे पुन्हा आदेश दिले. वारंवार आदेश द्यावे लागतात, यावरूनच तूट किती मोठी आहे हे समजते.

बारावीनंतर दोन वर्षांची विशेष शिक्षणातील पदविका आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचे विशेष बी. एड., हे दोन मुख्य मार्ग आहेत. म्हणजे बी. कॉम. झालेल्या मुलीलाही हे दार उघडे आहे. प्रवेश घेताना श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक व विकासात्मक अक्षमता यांसारखे एक क्षेत्र निवडावे लागते. पुढे एम. एड. व पीएच. डी. करता येते. ज्यांना विज्ञानाची आवड आहे त्यांच्यासाठी वाक् व श्रवणोपचाराची पदवी आहे. भाषेची आवड असणाऱ्यांसाठी भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषाची पदविका आहे. मुंबईत एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग, चेंबूरचे हशू अडवाणी महाविद्यालय आणि वांद्र्याची, १९८३ साली स्थापन झालेली, अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही या शिक्षणाची परिचित केंद्रे होत.

या अभ्यासक्रमात नेमके काय शिकवतात? व्यापारी वाचकाला पटेल असे एक उदाहरण देतो. दुकानात जाऊन दहा रुपयांचे बिस्किट आणणे हे आपल्याला एकच काम वाटते. विशेष शिक्षक त्याच्या पायऱ्या पाडतो : नोट ओळखणे, वस्तू मागणे, नोट देणे, वस्तू हाती येईपर्यंत थांबणे, सुट्टे पैसे परत घेणे. मूल कोणत्या पायरीवर अडते ते तो टिपून ठेवतो आणि तीच पायरी पुन्हा पुन्हा शिकवतो. प्रत्येक मुलासाठी असा स्वतंत्र लेखी आराखडा असतो आणि ठरावीक काळाने त्याचा ताळेबंद मांडला जातो. इथे प्रेमाची गरज आहेच, पण केवळ प्रेमावर भागत नाही, शास्त्र लागते.

पदवीनंतर विशेष शाळा, सर्वसाधारण शाळांतील संसाधन कक्ष, लहान बालकांसाठीची शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आणि प्रौढ दिव्यांगांच्या व्यवसाय प्रशिक्षण कार्यशाळा येथे काम मिळते. अनुभवानंतर स्वतःचे केंद्रही काढता येते. मात्र दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. लहान खासगी संस्थांतील वेतन सुरुवातीस बेताचे असते, अनेक राज्यांत शासकीय पदे वर्षानुवर्षे कंत्राटी राहिली आहेत, आणि प्रगती इतकी संथ असते की अधीर माणूस खचून जातो. ज्याला सहा महिन्यांत नफा दिसावा असे वाटते, त्याने या वाटेस जाऊ नये. मात्र ज्या घराला पेढीचा आधार आहे, तेथील मुला-मुलींना सुरुवातीची ही ओढाताण इतरांहून अधिक सहज पेलता येईल.

या विषयाचा संबंध आपल्या घराशीही आहे. तोंडी हिशेबात चोख, पण वाचताना अक्षरे उलटसुलट करणारा एखादा मुलगा बहुतेक नातेवाइकांत आढळतो. ‘त्याला काय, गादीवर बसवू’, असे म्हणून आपण विषय संपवतो. अशा मुलाची वेळेवर तपासणी झाली तर प्रमाणपत्र मिळते आणि राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ही तपासणी होते. गादीवर बसणे ही त्याची निवड असावी. शाळेने आणि घराने त्याच्यावर केलेला नाइलाज नसावा. आणि ज्या घरात स्वमग्न मूल आहे, तिथे पाहुणे आले की दार बंद होते, हेही आपण सारे जाणतो. ते दार उघडण्याचे धैर्य घरातीलच एखादी जाणकार आत्या किंवा मावशी देऊ शकेल.

ज्यांच्या घरी यंदा निकाल आहे त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. मुला-मुलीने अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या विशेष शाळेत आठवडाभर जाऊन वर्ग पाहावा. महाविद्यालयाला पुनर्वास परिषदेची मान्यता त्या वर्षासाठी आहे ना, हे परिषदेकडून पडताळून घ्यावे. शाळांच्या विश्वस्त मंडळांवरील आपल्या बांधवांनी आपल्या शाळेत नोंदणीकृत विशेष शिक्षक आहे का, हा प्रश्न पुढील सभेत विचारावा. नसल्यास यंदाच्या देणगीतून प्रथम त्या पदाच्या वेतनाची तरतूद करावी.