श्राद्ध सोडले, स्मरण सोडायचे नाही

घरातले माणूस गेले की आपण सारे जमतो. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा अशा सहाही तालुक्यांत विखुरलेले सोयरे येतात. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली मुले रात्रीची गाडी धरून येतात. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, जेवणे होतात आणि दिवस मावळेपर्यंत घर रिकामे होते. पुढच्या वर्षी त्या तारखेला किती जणांना आठवण राहते? पाच वर्षांनी किती जणांना? श्राद्ध का सोडले हे आपल्याला तोंडपाठ आहे. त्याच्या जागी काय धरायचे, हे मात्र पुष्कळ घरांत मुलांना कोणी सांगितलेले नाही. या लेखात आम्ही तेवढेच मांडणार आहोत.

श्राद्ध का नाकारले?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावी श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची आहे आणि आठवी कोणतेही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून न करून घेण्याची. यामागचा विचार सरळ आहे. तथागतांनी नित्य, अमर असा आत्मा मानला नाही. मग पिंडाची वाट पाहत बसणारा कोण? आणि तो पिंड पोचवण्याचा मक्ता एका जातीकडे कशासाठी?

तिसरे कारण पोटाचे आहे. तेरवीच्या पंगतीसाठी सावकाराकडे जाणारी, वावर गहाण टाकणारी घरे आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहेत. गेलेल्याच्या नावाने जिवंत माणसे कर्जात बुडावीत, हा कोणता धर्म? खेदाची गोष्ट अशी की पिंड गेला, पण मोठ्या पंगतीचा हट्ट काही ठिकाणी पुण्यानुमोदनाच्या नावाने परत घरात शिरला आहे.

धम्मात स्मरणाला जागा आहे काय?

आहे, आणि ती मानाची आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी राजगृहाच्या एका गृहस्थपुत्राला मुलांची आईवडिलांविषयीची पाच कर्तव्ये सांगितली. त्यांनी आपल्याला पोसले, आपण त्यांना पोसावे. त्यांची कामे करावीत. कुळाची रीत सांभाळावी. वारशाला लायक व्हावे. आणि ते गेल्यावर त्यांच्या नावे दान द्यावे. म्हणजे गेलेल्यांचे स्मरण हे उपासकाचे कर्तव्यच ठरते.

तिरोकुड्ड सुत्तात हाच विषय आहे. रडण्याने व शोकाने गेलेल्याचे काही भले होत नाही, त्यांच्या नावे दिलेल्या दानाने होते, असे त्यात म्हटले आहे. आपल्या कार्यक्रमात भांड्यातून हळूहळू पाणी ओतले जाते, तेव्हा म्हटल्या जाणाऱ्या गाथा या सुत्तातल्या आहेत. भरून वाहणारे प्रवाह समुद्राला मिळतात, तसे इथले दान पोचते, असा त्यांचा भाव आहे.

यावर विद्यार्थी विचारतात, "मग हे पिंडदानच नाही काय? फक्त तांदळाऐवजी पाणी." प्रश्न रास्त आहे. या सुत्तात प्रेतांचा उल्लेख आहे आणि आपल्यातील अनेक जण तो शब्दशः घेत नाहीत, हेही खरे. पण फरक समजून घ्यावा. पिंड मृताने खायचा असतो. पुण्यानुमोदनात जिवंत माणसाने जिवंत माणसांसाठी केलेले कुशल कर्म असते आणि आपण त्याचा आनंद मानून त्यात सहभागी होतो. अनुमोदन या शब्दाचा अर्थच तो. पाणी ही केवळ खूण आहे, दान हा गाभा आहे. पाणी ओतले आणि दान काहीच दिले नाही, तर कार्यक्रम अपुरा राहिला असे आम्ही मानतो.

आपल्याच भूमीचा दाखला

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, अजिंठ्याची अनेक लेणी खोदली गेली. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दिले. सतराव्या लेण्याच्या शिलालेखात हरिषेणाच्या राजवटीतील एका मांडलिक राजकुळातील दोन भावांची हकिगत आहे. धाकटा रविसांब मरण पावला. थोरला शोकाने व्याकूळ झाला. पण सारे अनित्य आहे हे मनाशी धरून तो पुण्यकर्माकडे वळला आणि त्याने भिक्खूंसाठी विहार करविला. भावाचे दुःख त्याने दुसऱ्यांच्या निवाऱ्यात घातले. अजिंठ्याच्या कित्येक दानलेखांत हे पुण्य आधी आईवडिलांना व मग सर्व प्राणिमात्रांना लाभो, अशी इच्छा व्यक्त केलेली आढळते.

आपण लेणे खोदू शकत नाही. पण आईच्या नावे एका मुलीची वर्षाची पुस्तके, आजोबांच्या नावे विहारातील अभ्यासिकेला दोन बाके, काकांच्या नावे शाळेला पाण्याची टाकी, एवढे चार भावांच्या वर्गणीतून सहज होते.

मेळावा कसा घ्यावा?

प्रत्येकाच्या स्मृतिदिनी सगळ्यांना येणे जमत नाही. म्हणून वर्षातून एक दिवस ठरवावा. बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास शाळांना सुटी असते आणि पेरणीला अवकाश असतो. तो काळ सोयीचा. त्रिशरण-पंचशील झाल्यावर गेलेल्यांची नावे मोठ्याने वाचावीत. प्रत्येक नावाबरोबर घरातल्या वडीलधाऱ्याने त्या व्यक्तीची एक खरी आठवण सांगावी. नुसते गुणगान नको. कोणाच्या शेतावर राबले, कोणत्या इयत्तेत शाळा सुटली, मुलांना कसे शिकवले, हे सांगावे. मग दान जाहीर करावे, साधे जेवण करावे आणि खर्चाचा हिशेब तिथेच वाचावा.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या वंशावळीत बापाचा बाप सापडतो, पण आजीचे नाव विचारले की सारे एकमेकांकडे पाहतात. लग्नात नाव बदलले, माहेरचे गाव विसरले, आणि ती बाई घराच्या आठवणीतून पुसली गेली. म्हणून वहीत प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव व गाव लिहावेच.

वहीचा दुसरा उपयोग

ही वही विद्यार्थ्यांच्या कामाची आहे. जात पडताळणीच्या वेळी अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. पणजोबांचे नाव, त्यांचे मूळ गाव आणि शाळा माहीत असेल, तरच दाखल खारीज किंवा कोतवाल बुकातील नोंद शोधता येते. शोधताना जिल्हा नीट पाहावा. आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून जुने कागद अकोला जिल्ह्याच्या नावाने असतात. १९०५ पूर्वी बासिम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. आणि नोव्हेंबर १९५६ पूर्वी विदर्भ मध्य प्रदेशात होता, तेव्हा कागदावर ते नाव दिसले तर गोंधळून जाऊ नये. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या; त्या मिळवताना आजही हे जुने कागदच उपयोगी पडतात. आजोबांची आठवण नातवाच्या प्रवेशाला अशी धावून येते.

१९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. दीक्षेच्या वेळचे गाव, ते दिवस, ती माणसे डोळ्यांनी पाहिलेले आता थोडेच उरले आहेत. ते गेल्यावर पुण्यानुमोदन आपण करूच. पण त्यांना विचारायचे ते आज विचारले पाहिजे. या वर्षीच्या मेळाव्यात कोऱ्या वहीचे पहिले पान घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर उघडा आणि लिहायला घरातले सर्वांत लहान शाळकरी मूल बसवा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.