टायमिंगवर आळ घेण्याआधी

चढाला टॉप गिअरमध्ये जुनी प्रीमिअर पद्मिनी दामटली आणि बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, की शेजारी बसलेला जाणकार निकाल देऊन मोकळा होतो : टायमिंग अ‍ॅडव्हान्स आहे, म्हणजे ठिणगी फार आधी पडतेय. गाडी ओढत नाही, तापते, सायलेन्सरमधून बार उडतात, तर टायमिंग रिटार्ड, म्हणजे ठिणगी उशिरा. पुष्कळदा त्याचं बरोबरही असतं. गडबड होते ती उपायात. जो-तो क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा डिलको, फिरवायला धावतो. पण घट्ट आवळलेला डिलको आपणहून फिरत नाही. टायमिंग सरकलं असेल, तर कुठेतरी काहीतरी झिजलंय, अडकलंय नाहीतर फाटलंय.

सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण एकदम भडकत नाही. प्लगपाशी पेटलेली ज्योत पसरत जाते. त्याला ढोबळमानाने सेकंदाचे दोन हजारांश लागतात असं धरू. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर तेवढ्या वेळात क्रँक दहाएक अंश फिरतो, ३००० फेऱ्यांवर तब्बल ३६ अंश. पिस्टन वरच्या टोकाला पोचल्यानंतर क्रँक साधारण १५ अंश पुढे गेला असताना दाब सर्वांत जास्त हवा, म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पडावी लागते आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. हे काम डिलकोतली दोन छोटी वजनं करतात. वेग वाढला की ती स्प्रिंगला न जुमानता बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे सरकवतात. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर हलका असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, ते सावकाश जळतं. त्याची भरपाई बऱ्याच डिलकोंना जोडलेला व्हॅक्युमचा पडदा करतो. १९७०-८० च्या गाड्यांत हा सगळा हिशोब कुठल्याही संगणकाविना चालायचा, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

ठिणगी पडते ती डिलकोतले पॉइंट उघडताना. अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी घडवलेली ही पद्धत. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहतो. ते उघडले की प्रवाह तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. म्हणजे टायमिंग ठरतं पॉइंट उघडण्याच्या क्षणावर. कॅमवर घासणारी पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात. डिलको जागचा हललेला नसतो, तरी टायमिंग मागे पडलेलं असतं.

म्हणून आधी फिलर गेज. फट साधारण ०.४ मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. एका पॉइंटवर उंचवटा आणि समोरच्यावर खड्डा असेल, तर गेजची पट्टी उंचवट्यावर टेकून चुकीची फट दाखवते. असे पॉइंट बदलावेत. नवेही चार दिवसांत जळाले, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. फट लावून झाल्यावरच टायमिंग. उलट क्रमाने केलं, तर फट बदलताना लावलेलं टायमिंग पुन्हा हलतं.

त्यासाठी १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. त्याची एक वायर कॉइलपासून पॉइंटकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू करून इंजिन हाताने हळूहळू पुढे फिरवावं. मागे फिरवू नये, कारण चेनमधला ढिलेपणा आकडा चुकवतो. बल्ब लागला तो पॉइंट उघडण्याचा क्षण. तेव्हा पुलीवरची खूण पुस्तकात दिलेल्या अंशावर हवी. मात्र ही खूण एक्झॉस्ट स्ट्रोकलाही जुळते. म्हणून पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा. हवा अंगठा ढकलते तो कॉम्प्रेशन. हे न पाहता डिलको बसवला की गाडी कार्बोरेटरमधून भडका मारते आणि मालक बिचारा १-३-४-२ चा फायरिंग ऑर्डर पुन्हापुन्हा मोजत बसतो.

टायमिंग लाइट मिळाली, तर व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करावं आणि आयडलिंगला खूण पाहावी. खूण स्थिर न राहता नाचत असेल, तर डिलकोचा बुश किंवा टायमिंग चेन गेलेली असू शकते. रेस वाढवूनही जागची हलली नाही, तर वजनं गंजून अडकली आहेत. पडद्याकडे जाणारी नळी तोंडाने ओढून पाहावी : नुसतीच हवा येत राहिली, तर पडदा फाटलाय.

आताशा यात एक नवी भानगड आली आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे नॉकिंग, म्हणजे तो खड्यांचा आवाज, उलट कमी होतं. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं. पातळ मिश्रण सावकाश जळतं, पिकअप मरतो आणि लक्षणं हुबेहूब रिटार्ड टायमिंगची दिसतात. डिलको पुढे घेतला की थोडा फरक पडतोही, म्हणून चकवा आणखी पक्का होतो. अशा गाडीचे प्लग काढून बघावेत. ते पांढरेफटक निघाले, तर डिलकोला हात न लावता कार्बोरेटर खोलावा.