सुणो, नायी आणि कुत्रा

आमच्या घरात एकाच प्राण्याला तीन नावे आहेत. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात बाबा त्याला ‘सुणो’ म्हणतात, धारवाडकडची माझी आई ‘नायी’ म्हणते आणि मराठी शाळेत मी ‘कुत्रा’ असे लिहावयास शिकलो. तो मात्र तिन्ही हाकांना शेपूट हलवीत येतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कुत्र्यावर लेख लिहावा, याचे मित्रांना हसू येईल. पण या विषयातही जमाखर्च आहे, आणि त्यातल्या खर्चाच्या बाजूला एकदा माझेच नाव लागता लागता राहिले. म्हणून हा लेख.

प्रथम जातींविषयी. कुत्र्यांच्या बहुतेक जाती माणसाने कामासाठी घडविल्या, हे आपण विसरतो. जर्मन शेफर्ड, ज्याला जुने लोक अल्सेशियन म्हणतात, तो मूळचा मेंढ्या राखणारा. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात मच्छीमारांना मदत करीत. म्हणून त्याच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असतो. हस्की हा बर्फावरून गाडी ओढणारा. हौसेखातर पैसे मोजून हे कुत्रे गोव्यात आणता येतात, पण त्यांच्या मुलखाची हवा काही आणता येत नाही. मग बिचारा उन्हाळ्यात धापा टाकतो आणि पावसाळ्यात त्याच्या कातडीला बुरशी धरते.

आपल्या जवळची नामांकित जात म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ. या अंकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांना तो ठाऊक असेलच. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर. वासापेक्षा नजरेने सावज टिपणारा आणि वाऱ्यासारखा पळणारा. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. मराठी घराणे, कन्नड मुलूख आणि दोघांचा सामाईक कुत्रा! 2005 साली भारतीय टपाल खात्याने ज्या चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. आणि 2016 साली लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात त्याचे प्रशिक्षण सुरू झाले. मात्र तो मोकळ्या माळावर धावणारा. फ्लॅटच्या गॅलरीत त्याला बांधून ठेवणे म्हणजे शर्यतीचा घोडा गोठ्यात कोंडण्यासारखे आहे.

आमच्याकडचा काळू यांपैकी कोणीच नाही. तो गावठी. त्याला वंशावळ नाही, पण काम आहे. काजूच्या दिवसांत बागायतीत माकडे उतरली की पहिली वर्दी त्याची. रात्री रानडुक्कर मेरेजवळ आले की सोप्यावरून तोच उठतो. इथली हवा, इथला पाऊस त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला. राखणीसाठी कुत्रा पाहिजे असणाऱ्याने दुकानाकडे धावण्याआधी आपल्या वाड्यावरच्या पिल्लांकडे एकदा पाहावे, असे मला मनापासून वाटते.

आता मुख्य गोष्ट. 2014 च्या मे महिन्यात मी डिचोली तालुक्यात आत्याकडे गेलो होतो. तिसरीची परीक्षा नुकतीच झाली होती. दोडामार्गच्या बाजूने भटकत आलेले एक पिल्लू आम्हां मुलांना काजूखाली सापडले. चौथ्या दिवशी ते आतेभावाच्या बोटाला चावले. रक्त आले. आजी म्हणाली, “आदीं चुनो लाव, मागीर पळोवया!” तिच्या लहानपणी कुत्रा चावला की पोटात चौदा सुया घेत, त्या धास्तीनेच ती चुना आणि मिरचीकडे वळत असे. पण आतोबांनी बोट साबण लावून नळाखाली धरले, घड्याळ पाहून पंधरा मिनिटे, आणि त्याला तडक आरोग्य केंद्रात नेले.

मी गप्प होतो. माझ्या गुडघ्यावर खरचटले होते आणि त्याच पिल्लाने ती जखम चाटली होती. सुईच्या भीतीने मी दोन दिवस कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लू मेले. तेव्हा मी रडत रडत आत्याला सारे सांगितले. ती रागावली नाही; पायांत चपला सरकवून मला घेऊन निघाली. डॉक्टर म्हणाले, “चावणे आणि उघडी जखम चाटणे यांत फरक धरू नकोस.” गुडघ्याभोवती आणि दंडात सुया घ्याव्या लागल्या, पुढच्या तारखा आईने कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवल्या. पिल्लू पुरले गेले, तपासणी झाली नाही. त्याला खरोखर रेबीज होता की नाही, हे आम्हांला कधीच कळले नाही. डॉक्टरांचे म्हणणे असे की, ते कळण्याची वाट पाहणारा माणूसच फसतो.

तसे का, ते समजून घेण्यासारखे आहे. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. ही मुदत हीच आपली संधी. साबणपाण्याने बराचसा विषाणू धुतला जातो, लस शरीराला तयार करते. पण लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ. लुई पाश्चरने 6 जुलै 1885 रोजी एका चावलेल्या मुलाला पहिली लस टोचली, तीही याच मुदतीच्या बळावर. आज पोटातल्या चौदा सुया इतिहासजमा झाल्या आहेत. दंडात मोजक्याच घ्याव्या लागतात.

पण माणसाला सुई देणे ही दुरुस्ती झाली. खरे मूळ कुत्र्यात आहे, आणि तिथेच गोव्याने काम केले. 2013 पासून ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि सरकार यांनी मिळून मोहीम हाती घेतली. जाळी घेतलेली पथके गल्लोगल्ली फिरून भटक्या कुत्र्यांना लस टोचीत आणि टोचलेल्याच्या अंगावर रंगाची खूण करीत. शाळांतून मुलांना शिकविले जाई. वर्षाला 95 हजारांहून अधिक कुत्रे, म्हणजे शंभरात सत्तर, या प्रमाणापर्यंत काम पोचले. 2019 पर्यंत कुत्र्यांतील रेबीज 92 टक्क्यांनी उतरला आणि माणसांचे मृत्यू थांबले. कुत्रे मारून हे साधले नाही, टोचून साधले.

शंभरात सत्तर का? पिसाळलेला कुत्रा मरण्यापूर्वी सरासरी एक-दोन कुत्र्यांनाच रोग देतो. त्याच्या वाटेतले बहुतेक कुत्रे टोचलेले असले की साखळी तुटते. परंतु दरवर्षी नवी पिल्ले जन्मतात आणि प्रमाण पुन्हा घसरते. तेव्हा लस ही एकदा भरून विसरावयाची अनामत नव्हे. तो विम्याचा वार्षिक हप्ता आहे. पेडण्याला सावंतवाडी आणि डिचोलीला दोडामार्ग लागून आहे. पत्रादेवीचा नाका ट्रकांना थांबवतो, कुत्र्यांना नव्हे. म्हणून आम्हां सीमेवरच्या लोकांनी तर हा हप्ता कधीच चुकवू नये.

घरच्या कुत्र्याबद्दल थोडक्यात सांगतो. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची लस. सुमारे तीन महिन्यांचे झाले की रेबीजची. पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. जंताचे औषध चुकवू नये. पावसाळ्यात कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी पाहाव्यात, कारण त्यांच्यापासून ताप येतो. उंदरांच्या मुतामुळे साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसालाही होतो. चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि शिजवलेली हाडे देऊ नयेत. रानालगतच्या गावांत रात्री कुत्र्याला आत घ्यावे, बिबटे त्याला उचलतात. आणि पिल्लांना घरे मिळणार नसतील तर नसबंदी करून घ्यावी. पिल्ले पोत्यात घालून बाजारात सोडण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

आमच्या काळूची एक छोटी वही आहे. तिच्यात सुयांच्या तारखा माझ्या अक्षरात लिहिल्या आहेत. हिशेब लिहिण्याची माझी सवय बहुधा तिथूनच लागली. मित्रहो, येत्या सुटीत घरी जाल तेव्हा सोप्यावरच्या आपल्या राखणदाराबद्दल एवढेच विचारा: याला यंदाची सुई दिली का? आणि घरातले एखादे मूल कुत्रा पाहून गप्प गप्प राहत असेल, तर त्यालाही जवळ घेऊन विचारा. रागावू मात्र नका.