सेवेचे फळ कोणत्या मापाने मोजावे?

आयुष्याचे सार्थक कशात आहे, हा प्रश्न आपल्या लोकांस नवा नाही. परंतु त्याचे उत्तर ग्रंथांत शोधण्याची आम्हांस जितकी हौस, तितकी ते कोणाच्या आचरणात पाहण्याची नाही. म्हणून आज आम्ही एका परदेशीय शिक्षिकेचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो.

मिस सिंथिया फरार ह्यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात झाला. अविवाहित स्त्रीस धर्मकार्यासाठी समुद्रापार पाठविणे त्या देशातही तेव्हा विरळाच घडे. असे असता १८२७ साली त्या मुंबईस उतरल्या, त्या कोणा मिशनऱ्याची पत्नी म्हणून नव्हे, तर मुलींच्या शाळा चालविण्यासाठी. मुलगी अक्षर शिकली तर तिला वैधव्य येते, असे मानणारा तो काळ. १८३७ साली प्रकृतीमुळे त्या मायदेशी गेल्या. तेथेच राहत्या तर त्यांस कोणी दोष दिला नसता. पण १८३९ साली त्या परत आल्या, अहमदनगरच्या शाळा त्यांनी हाती घेतल्या आणि १८६२ साली त्याच गावी देह ठेविला.

ह्यावर आक्षेपक म्हणतील की, ही सेवा नव्हे, हे तर धर्मांतराचे साधन! त्या ख्रिस्ताच्या सेवेसाठी आल्या आणि मिशनच्या शाळांत ख्रिस्ती धर्माचे शिक्षण दिले जाई, ही गोष्ट आम्ही लपवू इच्छीत नाही. ज्यांस तो उपदेश मान्य नसेल त्यांनी तो खुशाल नाकारावा. परंतु त्याच अहमदनगरास जोतीराव फुले आपल्या एका स्नेह्यासह गेले, फरारबाईंच्या शाळेतील मुली शिकताना त्यांनी पाहिल्या, आणि पुण्यास परतून १८४८ साली मुलींची शाळा काढिली. सावित्रीबाई तीत शिक्षिका झाल्या. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला. म्हणजे बाप्तिस्म्याच्या वहीवरून फरारबाईंच्या श्रमाचा हिशेब मांडू गेल्यास त्यांचे सर्वांत मोठे फळ त्या वहीत सापडावयाचे नाही!

ह्यातून दोन्ही पक्षांनी बोध घ्यावा. धर्मप्रसारकांनी हा की, सेवा खरी असेल तर तिचे फळ आपल्याच अंगणात पडावे असा हट्ट धरू नये. आणि स्वधर्माभिमान्यांनी हा की, आपल्या मुलींस अक्षर शिकविण्यास सात समुद्रांपलीकडून कोणी यावे लागले, ह्याची लाज शिकविणारीस नव्हे, आपणांस वाटावयास हवी होती.

काम अद्याप संपलेले नाही. २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात शंभर पुरुषांमागे सुमारे ८८ साक्षर आढळले, तर शंभर स्त्रियांमागे सुमारे ७६. अक्षरओळख झालेल्या किती मुलींस पुढे शाळा सोडावी लागते, हे ज्याने त्याने आपल्याच आळीत पाहावे. आयुष्य रिकामे वाटते अशी तक्रार करणारे सुशिक्षित गृहस्थ व भगिनी आम्हांस नित्य भेटतात. त्यांस आमचे इतकेच सांगणे आहे की, धर्म कोणताही माना, पण रोज एक तास शेजारच्या एका मुलीस शिकवा. सार्थकाचा शोध घेण्यास मग फार दूर जावे लागणार नाही.