एकाच खड्ड्यात खडे आणि चिकणमाती : हैदराबाद परिसरातील तांबड्या माळजमिनीचे वर्णन व वर्गीकरण

मातीचा नमुना प्रयोगशाळेत आला की तो प्रथम वाळवतात, ढेकळे फोडतात आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. चाळणीखाली जी पडते तिला ‘बारीक माती’ म्हणतात. पुढील सर्व तपासण्या तिच्याच होतात. चाळणीवर जे उरते ते बहुधा बाजूला टाकले जाते. सपाट रानातील काळ्या मातीच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही, कारण चाळणीवर फार काही उरतच नाही. हैदराबादभोवतीच्या तांबड्या माळावर मात्र नमुन्याचा निम्मा भाग चाळणीवर राहू शकतो. अहवालात ‘चिकणमाती ५० टक्के’ असे येते आणि वाचणाऱ्याला जमीन भारी व ओल धरणारी वाटते. आकडा खोटा नसतो, पण तो सगळ्या जमिनीचा नसून तिच्या बारीक भागाचा असतो.

खडकाळ आणि चिकण ही दोन विशेषणे एकाच जमिनीला लावली की विद्यार्थी गोंधळतात. त्यांच्या मते जमीन एक तर मुरमाड असते किंवा चिकण. हा गोंधळ दूर करण्यास हैदराबादच्या वायव्येस सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या पाटणचेरू परिसरातील जमीन हे उत्तम उदाहरण आहे. १९७२ मध्ये येथे ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या आवारात तांबडी व काळी अशा दोन्ही जमिनी जवळजवळ सापडतात, त्यामुळे येथील मातीचा अभ्यास पुष्कळ झालेला आहे. तांबड्या जमिनीला ‘पाटणचेरू मृदा मालिका’ असे नाव आहे. सखल भागात या जमिनीवर शेती होते. त्याच प्रकारची माती उंचवट्यांवर आणि दगडाळ उतारांवर मात्र पिढ्यान्‌पिढ्या शेळ्यामेंढ्यांच्या चराईखाली राहिली आहे. तेलुगू शेतकरी अशा तांबड्या, हलक्या जमिनीला ‘चलका’ व काळीला ‘रेगडी’ म्हणतो. मुरमाला तो ‘मोरम’ म्हणतो, हे मराठी वाचकाला सांगावे लागू नये.

खडक एक, माती दोन प्रकारची

या परिसराखालचा खडक ग्रॅनाइट व पट्टिताश्म या जातीचा असून त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे आहे. ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रकासारखी गडद खनिजे असतात. उष्ण हवेत व हंगामी पावसात ही खनिजे सारख्या वेगाने कुजत नाहीत. फेल्डस्पारचे रासायनिक विघटन होऊन त्यापासून केओलिनाइट ही चिकणमाती तयार होते. गडद खनिजांतील लोह मोकळे होऊन त्याचा हेमॅटाइट बनतो व मातीला तांबडा रंग येतो. गारगोटी मात्र जवळजवळ तशीच राहते, आणि तिचेच टोकदार खडे मातीत विखुरलेले दिसतात. म्हणजे खडे आणि चिकणमाती कोणी बाहेरून आणून मिसळलेली नाहीत. एकाच खडकाचा जो भाग कुजला तो चिकणमाती झाला आणि जो कुजला नाही तो खडा राहिला.

खड्याचा आकार म्हणूनच नोंदवावा लागतो. कंगोरे शाबूत असतील तर तो जागच्या जागी सुटलेला असण्याची शक्यता अधिक. गुळगुळीत, गोल खडे पाण्याने वाहून आणलेले असतात, आणि तसे आढळल्यास मातीचा इतिहास वेगळा लिहावा लागतो. लोहाच्या गाठी ही तिसरी जात. त्या मातीतच घडतात आणि हातोडीखाली त्यांचा आतला भाग गंजासारखा दिसतो.

येथे बसाल्टच्या प्रदेशाशी तुलना उपयोगी पडते. मराठवाड्याचा बहुतांश भाग बसाल्टचा, पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट उघडा पडतो. तेथील शिक्षकांना दोन्ही मुरूम थोड्या प्रवासात दाखवता येतील. बसाल्टमध्ये गारगोटी हा घटक खनिज म्हणून नसतो. त्याचा मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला, सच्छिद्र खडक, आणि तो स्वतःत थोडे पाणी धरतो. गारगोटीचा खडा पाणी मुळीच धरत नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी ‘खडे ४० टक्के’ अशी नोंद झाली तरी तिचा अर्थ एकच होत नाही.

खड्डा वाचताना

वर्णनासाठी कठीण मुरूम लागेपर्यंत खड्डा खणतात. पाटणचेरू मालिकेत वरचा पातळ थर वाळूमिश्रित असतो व त्यात चिकणमातीचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास असते. वीतभर खाली गेले की ते ५० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. ही वाढ वर्गीकरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची खूण आहे. पावसाचे पाणी बारीक कण वरून खाली नेते आणि तेथे ते भेगांच्या, ढेकळांच्या व खड्यांच्या पृष्ठभागावर लेपासारखे बसतात. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग लावले तर गारगोटीच्या खड्यावरील हा तांबडा, तुकतुकीत लेप स्पष्ट दिसतो. खड्यांमुळे काम अवघड होते अशी सर्वेक्षकांची नेहमीची तक्रार असते, पण लेप ओळखण्यासाठी स्वच्छ खड्यासारखी दुसरी जागा नाही.

पोत हाताने तपासताना खडे वेचून काढावेत, नाहीतर चिकण माती वाळूसर भासते. उरलेली माती ओली करून मळावी व अंगठ्याने तिची पट्टी काढावी. पट्टी जितकी लांब निघेल तितकी चिकणमाती अधिक. रंग मुन्सेलच्या रंगपुस्तकाशी जुळवून कोरड्या व ओल्या अशा दोन्ही स्थितींत लिहावा. नुसते ‘तांबडी’ लिहून चालत नाही, कारण पुढे नाव ठरताना रंगाची नेमकी मर्यादा पाहावी लागते.

पृष्ठभागावरील खड्यांची नोंद वेगळी करावी. तेथे खड्यांचा दाट थर असेल तर दोन गोष्टी संभवतात. खडे पावसाच्या थेंबांचा मारा अडवून मातीचे रक्षण करीत असतील, किंवा बारीक माती वाहून गेल्यामुळे ते उघडे पडले असतील. गवताच्या मुळ्या जमिनीच्या वर लोंबकळताना दिसल्या तर दुसरी शक्यता खरी मानावी.

वजनाची गफलत

खड्यांचे प्रमाण आकारमानाने मोजतात. १५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पोताच्या नावापुढे काही लावत नाहीत. १५ ते ३५ टक्के असल्यास जमीन ‘खडेयुक्त’, ३५ ते ६० असल्यास ‘अति खडेयुक्त’ आणि ६० ते ९० असल्यास ‘अत्यंत खडेयुक्त’ समजतात. २ ते ७५ मिलिमीटरपर्यंतचे तुकडे म्हणजे खडे, त्यापुढे गोटे व धोंडे येतात.

प्रयोगशाळेत मात्र खडे तराजूवर ठेवले जातात आणि येथेच गफलत होते. गारगोटीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.६५ ग्रॅम असते, तर पोकळ्यांसह बारीक मातीची सुमारे १.५ धरता येते. या हिशेबाने वजनाने ५० टक्के असलेले खडे आकारमानाने केवळ ३६ टक्के भरतात, आणि वजनाने ४० टक्के असलेले सुमारे २७ टक्के. वर्गीकरणाची मर्यादा ३५ टक्क्यांवर असल्यामुळे ४० टक्के हा वजनाचा आकडा थेट वापरणारा सर्वेक्षक जमीन चुकीच्या कुलात टाकील.

महाविद्यालयात याचे प्रात्यक्षिक सहज होते. थरातून साधारण ४ लिटरचा ठोकळा कोरून काढावा. खडकाळ मातीत खड्डा वाकडातिकडाच होतो, म्हणून त्यात पातळ प्लॅस्टिक अंथरून मोजून पाणी ओतावे. तेच ठोकळ्याचे खरे आकारमान. मग खडे धुऊन, ओलेच, काठोकाठ भरलेल्या भांड्यात सोडावेत व सांडलेले पाणी मोजावे. ४ लिटरच्या ठोकळ्यातील खड्यांनी १.६ लिटर पाणी सांडले, तर खडे ४० टक्के झाले. एक बादली, एक मापपात्र आणि प्लॅस्टिकचा तुकडा याहून अधिक काही लागत नाही.

नाव कसे ठरते

भारतात मृदा सर्वेक्षणात अमेरिकी कृषी खात्याची वर्गीकरण पद्धती वापरतात. ती १९७५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिची दुसरी आवृत्ती १९९९ ची असून तिच्या वर्गीकरण-किल्लीची तेरावी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. पाटणचेरू मालिकेचे या पद्धतीतील नाव ‘क्लेयी-स्केलेटल, मिक्स्ड, आयसोहायपरथर्मिक उडिक ऱ्होडुस्टाल्फ’ असे लिहिले जाते. हे पाठ करून घेण्यापेक्षा उजवीकडून उकलून दाखवणे बरे.

शेवटचा ‘आल्फ’ म्हणजे अल्फिसॉल हा गण. खालच्या थरात लेपांसह वाढलेली चिकणमाती आणि अल्कधर्मी मूलद्रव्यांची किमान ३५ टक्के संपृक्तता या त्याच्या खुणा. वरच्या थरात चिकणमाती १५ ते ४० टक्के असेल, तर खालच्या थरात ती किमान १.२ पट असावी लागते. येथे ती तिपटीहून अधिक आहे. ‘उस्ट’ म्हणजे हंगामी पाऊस व दीर्घ कोरडा काळ. ‘ऱ्होड’ म्हणजे गडद तांबडा रंग, आणि येथे मुन्सेलची नोंद उपयोगी येते. ‘उडिक’ म्हणजे त्या कोरड्या वर्गातील त्यातल्या त्यात ओली बाजू. ‘आयसोहायपरथर्मिक’ म्हणजे मातीचे सरासरी वार्षिक तापमान २२ अंश सेल्सिअस किंवा अधिक आणि उन्हाळा-हिवाळ्यातील फरक ६ अंशांहून कमी. ‘मिक्स्ड’ म्हणजे कोणत्याही एका खनिजाचे वर्चस्व नाही.

उरला ‘क्लेयी-स्केलेटल’, आणि या लेखाचा विषय याच जोडशब्दात आहे. ‘स्केलेटल’ म्हणजे सांगाडा : आकारमानाने ३५ टक्के किंवा अधिक खडे. ‘क्लेयी’ म्हणजे खडे वगळून उरलेल्या बारीक मातीत ३५ टक्के किंवा अधिक चिकणमाती. दोन मोजमापे वेगवेगळ्या पायावर केलेली आहेत, म्हणूनच ती एकमेकांना खोडत नाहीत. ही मोजणी पूर्ण खड्ड्याची नसते. चिकणमाती साठलेल्या थराच्या वरच्या ५० सेंटिमीटरचीच सरासरी घेतात. पृष्ठभागावर कितीही खडे दिसले तरी नावात त्यांना स्थान नाही.

एवढी चिकणमाती असूनही ही जमीन व्हर्टिसॉल, म्हणजे रेगूर, का नाही असा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर प्रमाणात नसून खनिजात आहे. रेगुरातील स्मेक्टाइट ओलाव्याने फुगते व वाळताना खोल भेगा पाडते. केओलिनाइट तितके फुगत नाही. तांबडी माती वाळली की विटेसारखी कडक होते, पण काळ्या रानासारखी उकलत नाही.

गवताच्या बाजूने

नावाचा उपयोग पाण्याच्या हिशेबात दिसतो. समजा, माती ६० सेंटिमीटर खोल आहे आणि तिची बारीक माती दर १० सेंटिमीटरला १२ मिलिमीटर उपलब्ध पाणी धरते. खडे दुर्लक्षिले तर साठा ७२ मिलिमीटर होतो. खडे ४५ टक्के धरले तर तो ४० वर येतो. गवत रोज ५ मिलिमीटर पाणी घेत असेल, तर पावसाची उघडीप पहिल्या हिशेबाने १४ दिवस सोसेल आणि दुसऱ्या हिशेबाने ८ दिवस. दख्खनमध्ये ऑगस्टातली पंधरवड्याची उघडीप अपूर्वाईची नाही. अशा माळावर किती मेंढ्या सोडाव्यात, रोपे लावली तर ती जगतील का, याचे उत्तर या सहा दिवसांच्या फरकात असते.

माळावरील गवतेही हेच सांगतात. खडेयुक्त उंचवट्यांवर सेहिमा नर्व्होसम हे चांगले चाऱ्याचे गवत, तर सखल, भारी जमिनीत मारवेल, अशी साधारण विभागणी द्वीपकल्पात आढळते. चराई वाढली की सेहिमा मागे हटते, कुसळी पसरते आणि शेवटी अॅरिस्टिडासारखी हलकी, अल्पजीवी गवते उरतात. तरवडाची झुडपे मात्र टिकतात, कारण जनावरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. तेच ‘तंगेडू’ या नावाने तेलंगणाचे राज्यपुष्प आहे.

मालिकेच्या नावावरून जमिनीचा वापर ठरत नाही, हेही शिकवताना सांगावे. एकाच मालिकेत उतार, धूप, खोली व दगडाळपणा यांनुसार पोटभेद पाडतात. सपाट पोटभेदावर ज्वारी किंवा एरंडी निघते. तीव्र उताराच्या, उथळ पोटभेदाची गणना आठ वर्गांच्या भूक्षमता वर्गीकरणात सहाव्या किंवा सातव्या वर्गात होते. हे वर्ग नांगरटीला अयोग्य, पण गवत व झाडांना योग्य मानले आहेत. महसुली भाषेत याच जमिनीला सरसकट ‘पडीक’ म्हणतात. एका दप्तरातील चराईयोग्य जमीन दुसऱ्या दप्तरात निरुपयोगी ठरते, आणि मग तिच्यावर मुरमाचे खाणकाम सुरू होण्यास आडकाठी राहत नाही. रस्त्याच्या भरावासाठी जो थर खरवडून नेतात तो बहुधा चिकणमातीने बांधलेला हाच खडेयुक्त थर असतो, कारण दाबल्यावर तो घट्ट बसतो. तो गेल्यावर उरतो तो अर्धकच्चा ग्रॅनाइट. त्यात खडे भरपूर असतात, पण पाणी धरणारी चिकणमाती राहिलेली नसते, आणि अशा जागेला अल्फिसॉल म्हणता येत नाही.