श्वानांतील संसर्गजन्य अर्बुद : निदानाची दिशा

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात औपसर्गिक रोग सांगताना कुष्ठ, ज्वर, शोष व नेत्राभिष्यंद यांची गणना केली. अर्बुद त्यात नाही. श्वानांमध्ये मात्र एक अर्बुद खरोखरच एका प्राण्यातून दुसऱ्यात संक्रमित होते. रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ मध्ये रोपणाद्वारे हे दाखविले. येथे विषाणू नव्हे, तर जिवंत अर्बुदपेशीच संक्रमित होतात. श्वानाच्या स्वतःच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात. या पेशींत सामान्यतः ५७ ते ६४ आढळतात.

समागम, चाटणे व हुंगणे हे याचे हेतू होत. जननेंद्रियावर, क्वचित नाकात वा मुखात, फुलकोबीसारखी व स्पर्श होताच रक्त येणारी मांसवृद्धी हे याचे रूप. मादीचे ठिबकणारे रक्त माजाचे, तर नराचे मूत्रविकाराचे समजले जाते आणि निदान तेथेच चुकते. माजाचा स्राव काही दिवसांनी थांबतो, हा रेंगाळतो. नरात शिश्नावरील त्वचा पूर्ण मागे सारल्याखेरीज वृद्धी दिसतच नाही.

दर्शन-स्पर्शनाने संशय येतो. निश्चिती सूक्ष्मदर्शकाने होते. वृद्धीवर काचपट्टी टेकवून घेतलेल्या ठशात गोल पेशी व त्यांच्या पेशीद्रवात स्वच्छ, लहान पोकळ्या दिसतात.

निश्चितीनंतर सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टिनच्या साप्ताहिक मात्रांनी बहुतेक श्वान बरे होतात. सदाफुलीचा पाला वाटून देणे हा त्यास पर्याय नव्हे. तेव्हा अशा श्वानासाठी कोणी लेप मागावयास आल्यास वैद्यबंधूंनी त्यास विनाविलंब पशुवैद्याकडे पाठवावे.